फोटोत न दिसणारं दुखणं

(शेंद्रा औद्योगिक वसाहत आणि आसपासच्या गावांतल्या बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मेळाव्याच्या पत्रिकेत ‘रस्त्यावरचे अपघात आणि मानेची दुखापत’ असा विषय वाचून काहीजणींना प्रश्न पडला असेल, की हा विषय डॉक्टरांचा, फार तर आरटीओचा. बायकांच्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? हुंडा, मारहाण, पोटगी, समान वेतन हे आपले विषय. मला स्वतःला हा विषय पुस्तकात भेटला नाही. तो भेटला इथल्या बायकांच्या घरी बसून. पोटगीच्या नाहीतर रेशनकार्डाच्या कामासाठी जावं, आणि बोलता बोलता बाईने मानेवर हात ठेवून म्हणावं, “ताई, वरीस झालं, मान लई दुखायली. फोटो काढला, तर फोटोत काहीच नाही म्हणले.” हेच वाक्य मी कुंभेफळमध्ये ऐकलं, करमाडमध्ये ऐकलं, मुकुंदवाडीत ऐकलं. तेव्हा लक्षात आलं, की ही एकेकीची कहाणी नाही.

शेंद्रा म्हणजे पूर्वी मांगीरबाबाच्या यात्रेचं गाव. आज जालना रस्त्यावरच्या कारखान्यांचं गाव. या कारखान्यांत पॅकिंगला, जुळणीला, साफसफाईला, कँटीनला येणाऱ्या बायका शहरातून येतात, तशाच आजूबाजूच्या खेड्यांतूनही येतात. कायम कामगारांना कंपनीची बस असते. ठेकेदाराकडच्या बाईला मात्र मिळेल ते वाहन. कोणी सहाजणींत दाटून रिक्षात, कोणी काळी-पिवळीत, कोणी मालवाहू टेम्पोच्या हौद्यात उभी, कोणी नवऱ्याच्या मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून. जिच्याकडे कारखान्याची नोकरी नाही, तीही बाजाराला, दवाखान्याला, माहेराला याच रस्त्याने, याच वाहनांतून जाते.

२०२२ साली आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असं सरकारी अहवाल सांगतो. मेलेल्यांत बायकांपेक्षा पुरुषांची संख्या कितीतरी जास्त असते. म्हणूनच अपघात हा पुरुषांचा विषय समजला गेला. पण जखमी होऊन घरी परतलेल्यांचं पुढे काय झालं, हे कुणी मोजत नाही. आणि आज मला बोलायचं आहे ते नेमकं या परतलेल्या बाईबद्दल. तिच्या अंगावर टाके नाहीत, हाताला प्लास्टर नाही. घरचे म्हणतात, “देवाची कृपा, थोडक्यात निभावलं.” आणि तिसऱ्या दिवशी तिला उशीवरून डोकं उचलता येत नाही.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. आपलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. ते सात लहान मणक्यांवर, स्नायूंच्या आणि दोरीसारख्या चिवट बंधांच्या आधारावर तोललेलं असतं. तुम्ही रिक्षात बसला आहात आणि मागून एखाद्या गाडीने धडक दिली, तर सीटबरोबर तुमचं धड एकदम पुढे ढकललं जातं, पण डोकं जागच्या जागी मागे राहतं. मान मागे ताणली जाते, आणि दुसऱ्याच क्षणी डोकं पुढे फेकलं जातं. चाबूक ओढल्यावर त्याचं टोक जसं फटकारतं, तसंच. हे सारं डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात होतं. आपण सावध होऊन मान ताठ करेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. मोटारीत निदान सीटला डोक्यामागे उशी असते. रिक्षाला नाही, काळी-पिवळीच्या आडव्या बाकाला नाही, टेम्पोच्या हौद्याला तर कशाचाच आधार नाही.

१९९५ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या तज्ज्ञांनी या दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीत मान दुखते, आखडते, पण डॉक्टरला तपासताना काही सापडत नाही. दुसरीत मान पूर्ण वळत नाही, दाबल्यावर ठरावीक जागी दुखतं. तिसरीत शिरांवर परिणाम होतो, हाताला मुंग्या येतात, पकड सैल पडते. चौथीत मणका मोडतो किंवा सरकतो. आता लक्षात घ्या, आपण ज्याला फोटो म्हणतो तो एक्स-रे मुख्यतः हाड दाखवतो. स्नायू ताणला, बंध फाटला, तर तो त्यात दिसत नाही. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या बाईचा फोटो चांगलाच येणार. तिचं दुखणं खोटं म्हणून नव्हे, तर ते पाहण्याचं ते साधनच नाही म्हणून. मोडलेलं हाड नाही एवढंच तो फोटो सांगतो. दुखत नाही असं तो सांगत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हे दुखणं पुष्कळदा लगेच सुरू होत नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी मान आखडते. त्यामुळे अपघाताच्या जागी बाई म्हणते, “मला काही झालं नाही.” तेच पंचनाम्यात जातं, आणि पुढे तिच्याविरुद्ध वापरलं जातं. बरेचजण काही आठवड्यांत, महिन्यांत बरे होतात, हेही खरं आहे आणि ते बाईला सांगितलं पाहिजे. भीतीनेही दुखणं वाढतं. पण २००८ साली जगभरच्या अभ्यासांचा जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं, की अशी इजा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना वर्षानंतरही मानेचा काही ना काही त्रास होता. मानेतून डोक्यात चढणारं दुखणं, चक्कर, खांद्यात कळ, हातात मुंग्या, झोप नाही, कशात लक्ष लागत नाही, चिडचिड. घरात याला नाव मिळतं ‘नाटक’.

बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात होतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. आपली मान तुलनेने बारीक, स्नायू कमी, सीटवर बसण्याची ठेवण वेगळी. पण दोष केवळ शरीराच्या ठेवणीवर टाकून चालणार नाही. मोटारी सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासायला माणसासारखे पुतळे गाडीत बसवून धडक घेतात. यातला जगभर सर्वांत जास्त वापरला गेलेला पुतळा १९७६ साली अमेरिकेत तयार झाला. तो मध्यम बांध्याच्या अमेरिकन पुरुषाचा होता. पुढे ‘बाईचा’ म्हणून जो पुतळा वापरात आला, तो मुख्यतः त्याच पुरुषाची लहान आवृत्ती होती. मध्यम बांध्याच्या बाईच्या शरीराचा अभ्यास करून, मागून बसणाऱ्या धडकेसाठी बनवलेला पुतळा स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर या संशोधक बाईंच्या गटाने २०२२ साली जगापुढे आणला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत ज्या सीटा, ज्या उशा बनल्या, त्या कुणाची मान डोळ्यांपुढे ठेवून बनल्या, याचा विचार करा. आणि या सगळ्या चाचण्या मोटारींच्या. मोटारसायकलवर एका बाजूला बसलेल्या, मांडीवर मूल आणि हातात पिशवी असलेल्या बाईचा पुतळा कोण बनवणार?

आपल्याकडे मानेला आणखी एक धोका आहे, तो ओढणीचा आणि पदराचा. इसाडोरा डंकन नावाची जगप्रसिद्ध नर्तिका होती. १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस गावी उघड्या मोटारीच्या चाकात तिचा लांब रुमाल अडकला आणि मानेला फास बसून ती गेली. आपल्या देशात ओढणी मोटारसायकलच्या किंवा रिक्षाच्या चाकात जाऊन असेच अपघात होतात, आणि भारतातल्या डॉक्टरांनी त्यांवर लिहिलेलंही आहे. यावर नियम आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडा अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण हवं. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून घरातली तरुण मुलं पहिल्यांदा काय काढून टाकतात, तर हेच. गाडी मुलाची असेल, पण मागे बसणारी आई असते, बहीण असते. तेव्हा त्या आवरणावर बोलण्याचा हक्क आपला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. फोटोत न दिसणाऱ्या दुखण्याने बाईचं नेमकं काय जातं?

मी भेटलेल्या दोघींबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एकजण ठेकेदाराकडे पॅकिंगला होती. कामावरून परतताना रिक्षाला मागून पिकअपने ठोकलं. आठ दिवस घरी राहिली, मग कामावर गेली. पण पॅकिंगचं काम म्हणजे आठ तास मान खाली. दुपारनंतर हात बधिर व्हायचा, खोकी मोजताना आकडा चुकायचा. ठेकेदाराने “उद्यापासून येऊ नको” म्हणून सांगितलं. कारण काय लिहिलं? काहीच नाही. तिचा अपघात ठेकेदाराच्या कागदावर नाही, पोलिसांच्या कागदावर नाही, दवाखान्याच्या कागदावर ‘एक्स-रे नॉर्मल’.

दुसरी बाई घरी असते. ‘घरी असते’ म्हणजे काय करते, ते तुम्हाला ठाऊक आहे. नवऱ्याच्या गाडीवरून गतिरोधकावर उडून पडली. त्यानंतर तिला डोक्यावर हंडा घेता येत नाही, आणि आपल्या भागात पाणी किती दिवसांनी येतं आणि कुठून आणावं लागतं, हे मी सांगायला नको. भाकरी थापताना मान वाकवली की डोळ्यांपुढे अंधारी येते. धुणं पिळता येत नाही. अंगावरचं मूल उचलता येत नाही. हे सगळं आता कोण करतं? तिची अकरा वर्षांची मुलगी. म्हणजे आईच्या मानेची किंमत मुलीच्या शाळेने भरली. नवऱ्याला विचारलं, किती नुकसान झालं? तो म्हणाला, “गाडीचं इंडिकेटर फुटलं. हिचं काही नाही, ही काय कमवत नव्हती.”

मैत्रिणींनो, इथे दोन न दिसणाऱ्या गोष्टी एकत्र येतात. दुखणं फोटोत दिसत नाही, आणि त्या दुखण्याने बंद पडलेलं काम हिशेबात दिसत नाही. एकाला डॉक्टर मानत नाही, दुसऱ्याला समाज मानत नाही. म्हणून हा विषय आपला आहे.

घरकामाचा हिशेब होत नाही असं नाही. सरकारनेच केलेल्या पाहणीत २०१९ साली बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांचीही नऊ कमी झाली! मोटार अपघाताच्या कायद्याला १९९४ साली एक तक्ता जोडला गेला होता. त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक-तृतीयांश धरा, असं म्हटलं होतं. म्हणजे बाईच्या कामाची किंमत तिच्या कामावरून नाही, नवऱ्याच्या पगारावरून. तो तक्ता आता कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या सेवेची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. २०१० साली अरुणकुमार अगरवाल खटल्यात, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल न्यायालयाने नापसंती दाखवली. ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्यात तर, गृहिणीचं उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या श्रमाची दखल घेणं आहे, असं स्पष्ट सांगितलं. पण हे सगळे खटले मेलेल्या बायकांचे. जिवंत बाईचं काम थांबलं, तर ते सिद्ध कसं करायचं?

यासाठी कायद्यातली एक जागा तुम्हाला दाखवते. ती प्रत्येक कार्यकर्तीने पाठ करून ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली, चूक कोणाची हे सिद्ध न करता, मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं, ते फौजदारी कायद्यात ठरलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात हाड मोडणं आहे, डोळा जाणं आहे, पण शेवटी असंही आहे, की ज्या दुखापतीमुळे माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा पंधरा दिवस त्याला आपले नेहमीचे व्यवहार करता येत नाहीत, तीही गंभीर दुखापत. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. आता मला सांगा, बाईचे नेहमीचे व्यवहार कोणते? पाणी भरणं, स्वयंपाक, धुणं, मूल उचलणं, कामावर जाणं. ते पंधरा दिवस बंद पडले, तर हाड मोडलेलं नसतानाही ती दुखापत गंभीर ठरू शकते. मात्र ते पंधरा दिवस कागदावर हवेत.

म्हणून माझं पहिलं सांगणं, वही घाला. अपघाताच्या दिवसापासून रोज चार ओळी. आज काय करता आलं नाही, त्याऐवजी कोणी केलं, झोप किती झाली, रोज किती बुडाला, औषधाला, रिक्षाला किती गेले. लिहिता येत नसेल तर शेजारची पोरगी लिहील, बचतगटाची सचिव लिहील, फोनवर बोलून ठेवता येईल. आणि दवाखान्यात गेल्यावर नुसतं “मान दुखते” असं सांगू नका. “मान डावीकडे वळत नाही, हंडा उचलता येत नाही, उजव्या हातातून कप पडतो” असं सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहायला लावा. वही ही बाईची गोष्ट, केसपेपर हा तिचा साक्षीदार. दोन्ही लागतात.

दुसरं, अपंगत्वाच्या टक्क्यांना घाबरू नका. मानेच्या दुखण्याला टक्के कमी मिळतात, कधी मिळतच नाहीत. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि त्यामुळे कमाईची ताकद किती गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस काय काम करत होता, ते आता करू शकतो का, हे न्यायाधिकरणाने पाहायचं आहे. पॅकिंगवाल्या बाईची मान आणि ऑफिसातल्या साहेबाची मान सारखी दुखली, तरी नुकसान सारखं नाही.

तिसरं, मुदत. कलम १६६ खालच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. कलम १६४ खाली मागायचं की १६६ खाली, हे वकिलाला विचारून ठरवा, कारण दोन्हीकडे पैसे मिळत नाहीत. वकिलाला पैसे कुठून आणू, असं म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

चौथं, ‘बाहेरच मिटवून’ घेऊ नका. पुष्कळदा गाडीवाला दोन-पाच हजार नवऱ्याच्या हातावर ठेवतो आणि कागदावर सही घेतो. मान बाईची, सही नवऱ्याची. दुखणं तिसऱ्या दिवशी वर येतं, तोवर पैसे संपलेले असतात. मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईने एक लक्षात ठेवावं. नवऱ्याची आणि समोरच्याची, दोघांचीही चूक असेल, तरी तिची काही चूक नसते. तिला पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं आहे. पण चूक फक्त नवऱ्याची असेल आणि गाडीचा विमा सर्वांत स्वस्त, केवळ कायद्यापुरता असेल, तर मागे बसणारीला विमा कंपनीकडून काही मिळत नाही. हा २००६ चा निकाल. तेव्हा घरात विमा भरताना विचारा, “यात मागे बसणारी धरली आहे का?” आणि मालवाहू टेम्पोतून बसून जाणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं २००२ पासून ठरलेलं आहे. लग्नाला, यात्रेला, कामाला आपण ज्या हौद्यात उभ्या राहतो, तिथे आपल्या मानेचा विमाच नसतो.

पाचवं, कामाची वाट हाही कामाचाच भाग आहे. हे आपल्या मराठवाड्यातल्या एका बाईने बावीस वर्षं लढून मिळवलं. आजच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात तिचा नवरा पहारेकरी होता. २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनची पाळी गाठायला तो मोटारसायकलने निघाला, आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे ही बाई, चार मुलं आणि सासू. नुकसानभरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण तो कामावर पोचलाच नव्हता. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. घर ते काम या वाटेवरचा अपघात, त्याचा कामाशी वेळेचा, जागेचा आणि परिस्थितीचा संबंध दिसत असेल, तर कामावरचाच मानायचा. राज्य विमा म्हणजे ईएसआयच्या कायद्यात ही तरतूद २०१० पासूनच होती. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

याचा उपयोग काय? ईएसआयमध्ये साध्या आजारपणाला पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली, तर ९० टक्के, आणि डॉक्टर कामाला अयोग्य म्हणतील तोवर. म्हणून पहिल्याच दिवशी ठेकेदाराला आणि कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. फोनवरचा संदेशसुद्धा चालेल, पण पुसू नका. ‘ठेकेदाराने वर्गणी भरली नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. ती जबाबदारी मूळ मालकावरही येते.

आता थोडं उपचाराचं. रस्त्यावर पडलेल्या बाईला हात-पाय धरून उचलू नका. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत राहील असं दोन्ही हातांनी डोकं धरा, १०८ ला फोन करा, हेल्मेट घाईने ओढू नका, तोंडात पाणी घालू नका. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत. कायद्याच्या १३४-अ कलमाने त्याला संरक्षण आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. हातापायांत ताकद नसेल, मुंग्या वाढत असतील, लघवी अडली किंवा आपोआप होत असेल, तोल जात असेल, तर तासभरही थांबू नका, थेट घाटीत किंवा मोठ्या रुग्णालयात न्या. आणि मान चोळून, झटका देऊन ‘बसवून’ घेऊ नका. आत काही सरकलेलं असेल तर तो झटका आयुष्यभराचा पडू शकतो. हाड शाबूत आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र महिनोन्‌महिने पट्टा लावून निजून राहणंही बरं नाही. हळूहळू मान हलवणं, शिकवलेले व्यायाम रोज करणं, यानेच मान सुटते. पण व्यायामाला रोज वीस मिनिटं लागतात, आणि ती वीस मिनिटं बाईला घरात कोण देणार? औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसतं. ते आपल्याला घरच्यांशी बोलून मिळवावं लागतं.

कार्यकर्त्यांना आणखी एक सांगते. मान दुखते म्हणून आलेल्या बाईला एकदा एकटीला बसवून विचारा, “गाडीवरून पडलीस, की आणखी काही?” गळा दाबल्याच्या खुणा पदराखाली राहतात, आणि ‘गाडीवरून पडले’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर असतं.

शेवटी, संघटना म्हणून आपण काय मागायचं? ठेकेदाराच्या बाईलाही कंपनीची बस हवी. सीटला डोक्यामागे आधार असलेली, आणि मोजून माणसं बसवणारी. २१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नव्या कामगार संहितेने बाईला तिच्या संमतीने संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी काम करता येतं. सुरक्षिततेच्या अटी त्यालाच जोडलेल्या आहेत. पाळी द्यायची तर वाटही द्या. अपघातानंतर कामावर परतलेल्या बाईला काही दिवस मान न वाकवण्याचं काम द्या, तिला काढू नका. गतिरोधकांवर पांढरे पट्टे आणि दिवे ठेवा. आणि सरकारी रुग्णालयात दर अपघाताच्या केसपेपरवर एक रकाना हवा: ही व्यक्ती घरी आणि बाहेर काय काम करते.

लहानपणापासून आपल्याला सांगितलं गेलं, मान खाली घालून चाल, मान वर करून बोलू नकोस. ज्या मानेवर हंडा, सरपण आणि घराचा मान, सगळं पेलायचं, ती दुखली तर बोलायचंही नाही, हे आता चालणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक काम करायचं. आपल्या गल्लीत, आपल्या वस्तीत गेल्या वर्षात अपघात झालेल्या एका तरी बाईकडे जायचं. “बरी आहेस ना?” असं विचारायचं नाही, कारण ती हो म्हणेल. विचारायचं, “त्या दिवसापासून काय काय करता येत नाही?” आणि ती जे सांगेल, ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून आणायचं. आपण ते एकत्र वाचू, आणि मग ठरवू की कोणाचा दावा आधी घालायचा.